रतनचा आवाज आणि सकाळची गोळी

आमची पोस्ट सीमेवर, बर्फाच्या पट्ट्यात होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर, गाव म्हसावद. नाईक रतन काठी गावाजवळच्या पाड्यावरचा. एकाच जिल्ह्याचे म्हणून पलटणीत आम्हाला 'नंदुरबारवाले' अशी जोडीनेच हाक पडायची. सकाळच्या पेट्रोलला, म्हणजे गस्तीला, तो पुढे चाले आणि रेडिओवर रिपोर्ट देई.

त्या सकाळीही रिपोर्ट आला. "उस्ताद, रास्ता साफ. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो. तेवढ्यात सुरुंग फुटला. रतन जागीच गेला.

निवृत्त होऊन गावी आलो, पण लग्नात फटाका वाजला की मी जमिनीवर पालथा. वरात माझ्याकडेच बघायची. आणि रोज कानात रतनचा तोच रिपोर्ट. लष्करी इस्पितळातल्या मेजर मॅडमनी समजावले, "हवालदार, मेंदूत धोका ओळखणारा एक संतरी असतो. तुमचा ड्युटीवरून उतरतच नाही. मेंदूचा पुढचा भाग त्याचा साहेब, पण साहेबाची ऑर्डर त्याला पोचत नाही. रोज सकाळी ही गोळी घ्या, तो हळूहळू शांत होईल. आपल्या मनाने बंद करायची नाही."

काही आठवड्यांनी गुण आला. झोप लागू लागली. फटाक्याला नुसती मान वळे. पण रतनचा आवाजही विरत गेला आणि एका सकाळी आलाच नाही. आम्ही मेलेल्या जवानालाही मागे टाकून येत नाही. मी मात्र रोज घोटभर पाण्याबरोबर त्याला मागे टाकत होतो. मी गोळी बंद केली.

"गोळी लिधी का?" बायको विचारी.

"लिधी," घेतली म्हणून मी खोटेच सांगे.

आवाज परत आला. त्याच्यामागून संतरीही आला.

होळीला मी दरवर्षी काठीला जातो, रतनच्या आईसोबत उभा राहतो. यंदा पहाटे होळी पेटली, मोठा ढोल कडाडला, आणि मी माउलीला खाली पाडून तिच्यावर पालथा पडलो. तिला वाचवत होतो. तिचे मनगट मोडले.

दवाखान्यात प्लास्टर झाल्यावर मी तिला सगळे सांगितले, गोळी का सोडली तेही. ती घरी भिली बोलते, माझ्याशी बाजारात शिकलेली अहिराणी.

"माले बी त्याना आवाज याद नही ऱ्हायना," ती म्हणाली. "मंग मी त्यानी माय नही का?"

मी तिच्या मांडीवर डोके ठेवले आणि रतन गेल्यापासून पहिल्यांदा रडलो.