पोकळ झाडांची यादी

तोडीची झाडे निवडून त्यांची यादी करणे हे माझे काम होते. इतर लोक वाटेत झाड लागेल तसे लिहीत. मी कामाच्या सोयीने लावी. पोकळ झाडे आधी, कारण ती पडली की सरळ सागाला ऊन मिळते. म्हैसूरच्या जंगल कचेरीत माझी यादी नव्या माणसांना नमुना म्हणून दाखवत. चामराजपुरमला घरी मी हे दोनदा सांगितले होते.

नंजनगूडपर्यंत आगगाडी, पुढे दोन दिवस बैलगाडी, मग डोंगर. त्या वर्षी माघ संपता संपता एका जुन्या बेहड्यावर मी तोडीच्या शिक्क्याची हातोडी मारली. आमचा वाटाड्या डोंगरातलाच, सोलिग जमातीचा म्हातारा होता. तो वर बघत म्हणाला, “स्वामी, घरात बाई आहे.”

“कुठल्या घरात?”

त्याने बोट केले. खोडात उंचावर चिखलाने लिंपलेले भोक होते, मधे जेमतेम चोचीपुरती फट. थोड्या वेळाने मोठा आवाज करत मंगट्टे आला, म्हणजे आपला धनेश, आणि फटीतून उंबर आत देऊ लागला. मादी स्वतःला आत लिंपून घेते, म्हातारा म्हणाला. तिची पिसे झडतात, पुढे कितीतरी दिवस तिला उडता येत नाही.

“आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही झाडं विचारलीत. पाखरं कुठं विचारलीत?”

शिक्का पडलेले झाड वगळायला साहेबांची सही लागे. मी त्याच दिवशी म्हैसूरला निघालो. ठेकेदाराच्या मुकादमाला बजावले, हे झाड राहू दे.

“यादीत तिसरं आहे, रावसाहेब.”

“मी येईपर्यंत थांब.”

“बघतो.”

साहेबांनी सही केली. “एका पाखरासाठी एवढी दौड? पोकळच आहे, राहू दे.”

परत पोहोचलो तेव्हा बेहडा आडवा होता. खोड नेमके भोकापाशी फुटले होते. आत वाळका चिखल, पिसे, अंड्याची टरफले. मादी कुऱ्हाडवाल्यांनी शिजवून खाल्ली होती. मुकादमाने यादी पुढे धरली. “तुमच्याच क्रमानं चाललो. पोकळ आधी.”

नर मी असताना दोनदा आला. चोचीत उंबर होते.

तोड पौष ते चैत्र चाले, कारण पावसात गाड्या चढत नाहीत. म्हातारा म्हणाला, याच दिवसांत या पाखरांची घरे बंद असतात. घरी येऊन मी जुन्या याद्या काढल्या. पोकळ झाडांचे आकडे होते. आत काय होते ते कुठेच नव्हते. पोकळ झाडे पावसाळ्यानंतर लगेच घ्यावीत, असे मी साहेबांना सुचवले. “वाटा सुकायलाच पौष उजाडतो,” ते म्हणाले. ते खरेच होते.

पुढच्या वर्षी मी म्हाताऱ्याला म्हणालो, “घरं असलेली झाडं दाखव. मी ती सोडतो.” तो दिवसभर माझ्यापुढे चालला, एकही दाखवले नाही. उतरताना म्हणाला, “दाखवलं की तुम्ही लिहिता, स्वामी. लिहिलेलं झाड उभं राहिलेलं मी पाहिलं नाही.”

त्या वर्षी मी एकही पोकळ झाड लिहिले नाही. कचेरीने कारण विचारले. मी कळवले, पाहिली नाहीत.