बेटावर उभा सोपान

मी एसटीत कंडक्टर होतो. तिकीट दाखवल्याशिवाय समोरच्याचं खरं मानायचं नाही, ही आमची सवय. त्यामुळं भूतखेत, चकवा असलं कुणी सांगायला लागलं की मी चहा संपवून उठायचो... तरी हे लिहितोय. हसायचं तर खुशाल हसा.

केजजवळ धरणाच्या पाण्यात एक बेट आहे. रिटायर झाल्यापासून दर रविवारी एकाच बाभळीखाली उभा राहून मी मोबाईलवर त्याच्या काठाचा फोटो काढतो. पाणी कुठं चढलं, कुठं ओसरलं, गवत कुठवर आलं — एवढाच नाद. बायको म्हणते, "बरं हाय, दुसरं कसलं व्यसन न्हाई."

उन्हाळ्यात पाणी हटलं की बेटाकडं जायची वाट उघडी पडते. मग आमच्याकडचे लोक रात्री शेरडं तिकडंच बसवतात, लांडगा आला तर त्या एकाच वाटेनं येणार, राखण सोपी म्हणून. माझ्या बरोबरीचा चुलतभाऊ सोपान त्या संध्याकाळी बेटावर जाळी ठोकून, शेरडं तीत कोंडून, भाकरी न्यायला माघारी आला होता. झोपणारही तिथंच. गड्याला पोहता येत नाही, पण ऐट मोठी.

तो शेजारी तंबाखू मळत होता, तेव्हा मी फोटो काढला. बघतो तर... वाट पाण्याखाली. निम्मं बेट बुडालेलं. उरलेल्या तुकड्यावर शेरडांची जाळी, आणि जाळीजवळ हात वर करून उभा सोपान. मान वर केली — वाट तर कोरडीच.

"मोबाईल बदल बे, येडा झालाय त्यो," सोपान फोटो बघून म्हणाला.

मी सरळ भांडलोच. "शेरडं आत्ताच्या आत्ता काढ. न्हाईतर मी बी तुझ्यासंगं बेटावर झोपतो."

"नगं, तू लई घोरतोस," असं म्हणत तो कुरकुरत शेरडं आणायला गेला.

आमच्याकडं थेंबही पडला नाही. वरच्या अंगाला मात्र रात्रभर झोडपलं. सकाळी बाभळीखाली गेलो तर वाट गायब, पाणी थेट फोटोतल्याइतकं. बेटावर चिटपाखरू नव्हतं. सोपान माझा दंड धरून उभा होता. मला रडूच आलं.

नातू म्हणतो, ॲपची गडबड. शेजारचे मास्तर म्हणतात, फोटो जुना असेल. अहो, पण जाळी त्याच संध्याकाळी ठोकलेली... मला अजून उलगडा नाही. सोपाननं तर तोच फोटो व्हॉट्सॲपला लावलाय. म्हणतो, "तवा मी तिथं नव्हतो, पर फोटू लई बेस आलाय."