यंत्र क्रमांक अकराशे सत्त्याऐंशी

कोक-जार गावाच्या सरकारी कार्यालयात सादिरकुलच्या हातून सुटलेली वस्तू एकही नव्हती. सामानाचा कारभारी म्हणून त्याने एकतीस वर्षं काढली आणि त्या एकतीस वर्षांत लाल तैलरंगाचा डबा आणि बारीक ब्रश कधी खाली ठेवला नाही. खुर्च्या, चहाचा समोवार, आरशाची पाठ, बादलीचं बूड, सगळ्यांवर क्रमांक. एकदा भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्याने दाराशी टेकवून ठेवलेल्या काठीवरही त्याने आकडा घातला. ती काठी आजतागायत कार्यालयाची आहे.

जूनमध्ये तो निवृत्त होणार होता. नोकरी सोडणाऱ्याने फेरीचा कागद घेऊन टेबलोटेबली हिंडायचं आणि प्रत्येकाची सही गोळा करायची, अशी तिथली रीत. अकरा सह्या झाल्या, बारावी, प्रमुखाची, अडली. इकडे शनिवारी त्याची बायको कनिशाय मुलं-नातवंडं, मेंढरं आणि तंबूचे लोकरी नमदे घेऊन डोंगरावरच्या कुरणात निघणार होती. एकतीस उन्हाळे सादिरकुल वार्षिक मोजणीच्या नावाखाली खालीच राहिला होता. यंदा कनिशायने त्याला स्पष्ट बजावलं होतं: ट्रकमध्ये तुझी जागा धरलीय, नाही आलास तर तिथे मेंढा बसवीन.

घोडं अडलं ते अकराशे सत्त्याऐंशीपाशी. नोंदणीच्या टेबलावरचा हा संगणक वसंतापासून बंद होता. चालू केला की पंखा घरघरायचा, काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटायची आणि पुढे ढिम्म. तो मोडीत काढल्याशिवाय सादिरकुलची सुटका नव्हती, आणि मोडीत काढण्याच्या नव्या अर्जात सातवा रकाना होता: यंत्रात कुठली विंडोज आहे? रकाना रिकामा असेल तर अर्ज परत येईल, असं खाली ठळक छापलेलं. जे यंत्र सुरूच होत नाही ते आपल्या पोटातलं सांगणार कसं, हा विचार अर्ज छापणाऱ्याच्या डोक्याला शिवला नव्हता.

कार्यालयाचा प्रमुख उर्मत, वयाने सादिरकुलच्या धाकट्या मुलाएवढा. त्याने लगेच चहावर तिघांची समिती बसवली. टंकलेखिका म्हणाली, टेन असणार, तिच्या भाच्याकडे टेन आहे. पशुवैद्याने सेव्हनला मत दिलं, कारण सात आकडा शुभ. उर्मतही सेव्हनच म्हणाला, आणि दोन विरुद्ध एक मताने यंत्राच्या पोटात काय आहे ते ठरलं. बारा वर्षांपूर्वीच्या पावतीतही सेव्हनच लिहिलेलं होतं. उर्मतने पेन पुढे केलं. सादिरकुलने ते घेतलं नाही. न बघता आपण आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही, असं त्याने ताठ मानेने सांगितलं आणि संगणकाचं खोकं काखेत मारून तो बाजाराकडे निघाला.

बाजारात खोगिरांच्या आणि बुटांच्या दुकानांमध्ये बेगिमायची टपरी होती. मोबाइलपासून टीव्हीपर्यंत सगळं ती दुरुस्त करायची. तिने आधी चहा पाजला, मग सांगितलं की यात फार डोकं चालवायला नको, खोक्याच्या बाजूला कंपनीचं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं असतं. तिने खोकं वळवलं. स्टिकरच्या बरोब्बर मधोमध, जाडजूड लाल आकड्यांत, ११८७.

"बाइके," वडीलधाऱ्याला मारतात तशी हाक मारून तिने विचारलं, "अख्ख्या खोक्यावर तुम्हाला हीच जागा सापडली?"

"चौकट आयतीच आखलेली होती, पोरी. आकडा सरळ आला."

तिने थिनरच्या बोळ्याने रंग पुसला. रंग गेला, आणि त्याच्याबरोबर स्टिकरवरची अक्षरंही गेली. मग तिने स्क्रू काढले, आतली डिस्क बाहेर काढली आणि स्वतःच्या संगणकाला जोडली. सादिरकुल दोन पावलं मागे सरकला. कार्यालयाची कुठलीही वस्तू आतून कशी दिसते हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. बेगिमायने दोन-चार फायली उघडल्या आणि सांगितलं, "एक्सपी आहे. सेव्हनच्याही आधीची, जुनी."

सादिरकुलने खिशातून पावती काढून तिच्यापुढे धरली. सेव्हन, तपासून घेतले, आणि खाली त्याची वळणदार सही.

"तपासलं होतं का तुम्ही?"

"बारा खोकी आली होती," तो म्हणाला. "मी बाराही खोक्यांवर आकडे घातले."

त्याला स्वतःची चीड आली. एकतीस वर्षं आपण जगाच्या फक्त बाहेरच्या बाजूवर लिहीत आलो, हे त्या टपरीत त्याच्या ध्यानात आलं, आणि ध्यानात यायला हा आठवडा काही सोयीचा नव्हता. तरी शुक्रवारी सकाळी त्याने सातव्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत एक्सपी लिहिलं.

अर्ज वाचून उर्मतचा चेहरा उतरला. ती बारा खोकी नवी म्हणून शहरातून ट्रकमध्ये घालून आणणारा उर्मतच होता. एक उघडलं, की जिल्ह्याचे लोक उरलेली अकराही उघडणार.

"सेव्हन लिहा, बाइके. डोंगरावर मेंढरं काही हे वाचणार नाहीत."

"आत एक्सपी आहे."

उर्मतने कपाळ चोळलं. मग टंकलेखिकेला बोलावलं, आणि पाव तासात तोडगा छापून आला: त्या साली कोक-जारला अकराच संगणक आले होते. यंत्रच नाही तर विंडोज कुठली, आणि विंडोज नाही तर रकाना कशाला? कागदाखाली सामानाच्या कारभाऱ्याच्या सहीची जागा सोडलेली होती.

खोकं दोघांच्या मधे टेबलावरच होतं. याचं काय करायचं, असं सादिरकुलने विचारलं.

"कशाचं?" उर्मत म्हणाला.

फेरीचा कागद उर्मतने स्वतःच्या कोपराखाली दाबून धरला होता. आधी तुमची सही, मग माझी, एवढंच तो अदबीने म्हणाला. सादिरकुलने खोक्याकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या डोंगराकडे पाहिलं आणि सही केली. त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली. आणि शनिवारी ट्रक दारात लागला तेव्हा सगळ्यांच्या आधी तोच चढून बसला.