एक तरी वाचक दाखवा

सणसवाडीतली कंपनीची नोकरी सोडून मी वेबसाइट काढली, हे गावात कुणाला सांगायची सोय नव्हती. नोकरी सोडली, एवढंच लोकांना ऐकू जायचं. पुढचं वाक्य त्यांच्या कानात शिरतच नसे. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. आमच्या दौंड तालुक्यात मोबाइल घरोघरी पोचले होते, पण इंटरनेट म्हणजे दहावी-बारावीचा निकाल बघायची जागा, असाच सगळ्यांचा समज होता. निकाल वर्षातून एकदा लागतो. उरलेलं वर्षभर लोकांनी आमची वेबसाइट बघावी, अशी माझी आणि माझ्या मित्राची अपेक्षा होती.

मित्र शिरूरचा. कंपनीत आम्ही एकाच लाइनवर होतो आणि भाड्याच्या एकाच खोलीत राहायचो. त्याने माझ्या आधी नोकरी सोडून शिरूरला स्टँडजवळ सायबर कॅफे टाकला आणि मग मला ओढलं. आमच्या वेबसाइटवर दोन्ही तालुक्यांच्या बातम्या, कांद्याचे भाव, एसटीच्या वेळा, ऊसतोड कुठवर आली, असं सगळं असायचं. बातम्या मी गोळा करायचो आणि तो चढवायचा. नसलं काहीच, तर कुणाच्या तरी वाढदिवसाची बातमी चढवायचो. वाढदिवस आमच्याकडे कधीच कमी पडत नाहीत.

कंपनीतली ती जागा मला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका पाहुण्याच्या मिनतवाऱ्या करून मिळवून दिली होती. आमचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले. आबांनी मेंढरं विकून विहीर पाडली आणि पाटसच्या कारखान्याला ऊस घालायला लागले. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा घरातला पहिला माणूस मीच, आणि मीच एक दिवस पिशवी घेऊन घरी परत आलो. आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दिवाळीपतूर बघ," ते म्हणाले. "कुणी वर्षाची एक जाहिरात दिली, तर मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई दिली, तर पाहुण्याला सांगून ठिवलंय. परत आत घेत्यात."

म्हणजे माझा पुढचा सगळा जन्म एका जाहिरातीवर येऊन टेकला होता.

दुकानदारांकडे जाऊन आम्ही नुसतं "जाहिरात द्या" म्हणायचो, ते "बघू" म्हणायचे. मग मित्राने इंटरनेटवर शोधून काढलं की असं हात हलवत जायचं नसतं, मीडिया किट घेऊन जायचं असतं. मीडिया किट म्हणजे आपल्या वेबसाइटची कुंडली. किती लोक बघतात, कोण बघतात, त्यांचं वय काय, शिक्षण काय, कमाई किती, घरात काय काय वस्तू आहेत, आणि त्यांच्यासमोर आपली जाहिरात कोणत्या आकारात झळकेल. हे सगळं रंगीत छापून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलं की तो खिशात हात घालतो, असं कुणा परदेशी माणसाने लिहिलं होतं. तो माणूस शिरूरच्या बाजारपेठेत कधी फिरलेला नव्हता.

किती लोक बघतात, याची सोय मित्राने आधीच केली होती. कॅफेतला कुठलाही कॉम्प्युटर उघडला की पहिली आमचीच वेबसाइट दिसायची. पोरं गाणी उतरवायला यायची आणि आमचे वाचक होऊन जायची. आकडा भराभर चढायचा. तो बघून आम्ही दोघेही मनापासून खूश व्हायचो, हे मला आजही आश्चर्याचं वाटतं.

प्रश्न होता तो कोण बघतात याचा. त्यासाठी मी फॉर्म छापून घेतले, शर्ट खोचला, कागद धरायला क्लिपचा पुठ्ठा घेतला आणि पाटसला कारखान्याच्या गेटपाशी, यवतच्या ढाब्यांवर, आमच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फिरायला लागलो. शर्ट खोचून आणि हातात पुठ्ठा घेऊन आमच्याकडे फक्त सरकारी माणूस फिरतो, हे मला सुचायला हवं होतं.

"कशात बसवणार आमाला? कुठल्या योजनेत?" पहिल्याच वस्तीवर एका मामांनी विचारलं.

"कशात नाही. वेबसाइटसाठी माहिती पाहिजे."

"व्हय, व्हय. लिवा. जमीन हाय, पर सगळी खडकाळ. पान्याचा थेंब न्हाई."

मामांच्या पाठीमागे नवाकोरा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या बॉनेटला अजून हार होता. मी ट्रॅक्टरकडे बघितलं, मामांनीही बघितलं. "मेव्हण्याचा हाय," ते म्हणाले. घरात मामींनी मिक्सरवर टॉवेल टाकला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स माझ्या हातात कोंबली. मी नको नको म्हणत असताना शेजारची बाई सुनेला घेऊन आली आणि "हिचं नाव येगळं लिवा, आमची चूल येगळी हाय" म्हणून सांगायला लागली. सासू-सुना हातात हात घालून वेगळ्या राहत होत्या.

आठवड्याभरात मी जी माहिती आणली, ती मित्राने कॉम्प्युटरवर गोल चकतीच्या चित्रात मांडली. आमच्या वाचकांना उत्पन्न नव्हतं. त्यांच्याकडे गाडी नव्हती, फ्रिज नव्हता, पाणी नव्हतं, आणि बऱ्याच जणांना कमरेचा त्रास होता. शिरूरच्या एका कापड दुकानदाराने ते किट शेवटपर्यंत वाचलं. त्याचे डोळे पाणावले असावेत, असं मला वाटलं.

"जाहिरात कसली मागता," तो म्हणाला, "ह्यांच्यासाठी वर्गणी काढा. मी पयला देतो."

मी चिडलो होतो. लोकांवर, दुकानदारावर आणि त्या परदेशी माणसावर. मित्र मात्र शांत होता. आपण चुकीच्या दाराने आत गेलो, असं त्याचं म्हणणं. त्याने वेबसाइटवर वधू-वरांचं एक पान उघडलं आणि मला त्याच वस्त्यांवर, जवळपास त्याच फॉर्मसकट परत पाठवलं. या वेळी शर्ट बाहेर ठेवायचा आणि बोलण्याची सुरुवात "तुमच्यात लग्नाचं कोण हाय?" अशी करायची.

त्या खडकाळ जमिनीला पंधरवड्यात पाणी लागलं. मामांनी मला बांधापर्यंत नेऊन सगळा ऊस दाखवला. मेव्हण्याचा ट्रॅक्टर मामांचा झाला, मिक्सरवरचा टॉवेल निघाला, वेगळ्या झालेल्या चुली एकत्र आल्या आणि "एकत्र कुटुंब, खाऊनपिऊन सुखी" असं त्या शेजारच्या बाईने मला दोनदा लिहायला लावलं. ज्यांचं पोरगं मागच्या खेपेला रिकामं फिरत होतं, ते आता कंपनीत पर्मनंट होतं. एकाने तर शेजाऱ्याच्या बंगल्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतला. शेजारी कौतुकाने बाजूला सरकून उभा राहिला, कारण पुढचा नंबर त्याचा होता.

"दोन्हीची सरासरी काढायची का?" मी मित्राला विचारलं.

"खुळा का तू? हेच छापायचं."

छापलं. वर चकचकीत प्लास्टिक, आत रंगीत चकत्या, आणि 'आमचे वाचक' या पानावर ट्रॅक्टरला टेकून उभे असलेले मामा. हे किट घेऊन मी दौंडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये गेलो. सगळ्या तालुक्यात वर्षाची जाहिरात देण्याची ऐपत असलेला माणूस म्हणजे तिथले शेठ. दिवाळी महिन्यावर आली होती, आणि पाहुण्याने आबांकडे निरोप धाडला होता की जागा फार दिवस धरून ठेवता येणार नाही.

शेठनी चष्मा लावला. मामांचा फोटो बघून ते हसले. "ह्यो? ह्यो तर माझाच गिऱ्हाईक." मग दुसरं पान, तिसरं पान. "ह्यो बी माझाच. ह्याचा भाऊ बी." सगळं किट उलटून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"एवढं सगळं इच्यारलंत त्यांना. कुणाकडं काय हाय, कोण काय खातंय. बरं केलंत. पर ह्यातल्या एकानं तरी तुमची वेबसाइट बघितलीय का?"

ते आम्ही विचारलंच नव्हतं. फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता. परदेशी माणसाने त्याची गरज धरली नव्हती आणि आम्हाला, दोन शिकलेल्या माणसांना, ती वाटली नव्हती.

शेठ माणूस सज्जन. त्यांनी मला हाकललं नाही. "असं करा," ते म्हणाले. "दिवाळीपतूर माझी जाहिरात फुकट लावा. जाहिरात बघून आलो असं जो सांगंल, त्याच्या ट्रॅक्टरची सर्व्हिस मी फुकट करून देतो. एक माणूस आला, तरी तुम्हाला वर्षाची जाहिरात दिली. एक. जास्त न्हाई मागत."

एक माणूस. आमच्या आकड्यापुढे हे काहीच नव्हतं. मी उड्या मारत घरी आलो आणि आबांना शेठची अट सांगितली. जाहिरात लावली आणि वाट बघायला लागलो. आठवड्याने शेठना फोन केला, कुणी आलं नव्हतं. पुन्हा केला, तेव्हाही नाही. मित्र म्हणाला, कुणाला तरी पढवून पाठवू. पण शेठ तालुक्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरला त्याच्या आवाजावरून ओळखायचे. पाठवणार कुणाला? हळूहळू फोन करणंच मी बंद केलं. घरात आबा रोज संध्याकाळी "काय म्हंत्यात शेठ?" एवढंच विचारायचे आणि मी "बघू म्हणतात" एवढंच सांगायचो. एकदा मी कंपनीचे बूट बाहेर काढून पुसताना आबांनी बघितलं. ते उठून गोठ्यात गेले. मला हरल्यासारखं झालं होतं, आणि ते त्यांना दिसतंय याची जास्त लाज वाटत होती.

दिवाळीच्या तोंडावर शेठचाच फोन आला. "आला तुमचा वाचक. हितं बसवलाय. या."

पाटसला मिळेल ती गाडी धरून मी दौंडला पोचलो. शोरूममध्ये पंख्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत, धुतलेली टोपी आणि लग्नकार्यात घालायचा शर्ट घालून, आबा बशीतून चहा पीत बसले होते.

आमच्याकडे ट्रॅक्टर नव्हता, कधीच नव्हता. आणि आबा शाळेची पायरी चढलेले नव्हते. मेंढरांमागे फिरणाऱ्याला कोण शाळेत घालणार? ते अंगठा उठवायचे.

शेठनी मला बाजूला घेतलं. हसू आवरत नव्हतं त्यांना. "म्हणाले, कम्प्युटरवर जाहिरात बघून आलो. मी म्हणलं, ट्रॅक्टर कुठाय? तर म्हणाले, मागनं येतोय. म्हणलं, काय लिवलं व्हतं जाहिरातीत? तर घडाघडा म्हणून दाखवली की हो. एक अक्षर चुकलं न्हाई. आन् सगळ्यात शेवटी काय म्हणले ठावं हाय? 'इथं स्टार टाक, आन् खाली बारीक अक्षरात लिव, अटी लागू.'"

ती जाहिरात लावताना मी घरातून फोनवर मित्राला ती परत परत वाचून दाखवली होती. आबा गोठ्यात असायचे. ऐकत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी जाहिरात पाठ केली होती, आणि तिच्यासोबत मित्राला दिलेल्या माझ्या सूचनाही.

"ते माझे वडील आहेत," मी शेठना म्हणालो.

"मला कळलं न्हाई व्हय?" शेठ म्हणाले. "एक माणूस मागितला व्हता, एक आला. कागद तयार करून आणा वर्षाचा."

नको म्हणायला मी तोंड उघडलं होतं. वाचक एकही नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि ही जाहिरात वेबसाइटला मिळत नव्हती, हेही. पण आबा बशी खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. मी शेठना हो म्हणालो.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं, त्यामुळे मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांना वाटलं, काम बिघडलं.

"झालं न्हाई का?"

"झालं, आबा. वर्षाची दिली."

गाडी दौंडच्या बाहेर पडल्यावर त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "यवतला हाय का कुणी असा शेठ? असंल तर जाहिरात वाचून दाव मला. उद्या उसाला पानी न्हाई. मी मोकळाच हाय."