कडेचं दिसणं

दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. बदलापूर गावात आमची घरं लागून होती आणि मला भाऊ नव्हता, म्हणून आईने लहानपणीच त्याला राखी बांधायला लावली. तो मला 'बाय' म्हणायचा. पुढे त्याने उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये औषधांचं दुकान काढलं, आणि मला शिवणाच्या दुकानासाठी त्याच गल्लीत गाळाही त्यानेच बघून दिला.

कपड्याचे बारीक तंतू उडून माझे डोळे लाल व्हायचे. एक सिंधी गिऱ्हाईक म्हणाली, "दीदी, रोती रहती हो क्या?" मी दादाकडे गेले. त्याने छोटी बाटली हातात ठेवली.

"दोन थेंब टाक, बाय. संध्याकाळपर्यंत बरं वाटेल."

खरंच वाटलं. मग लाली आली की बाटली, आणि पुढे लाली येऊ नये म्हणूनही बाटली. दोन वर्षं गेली. एकदा विचारलं, "डॉक्टरांना दाखवू का?" तर हसला. "मग मी कशाला बसलोय इथे?"

सुईत दोरा ओवायला कधीच त्रास झाला नाही, त्यामुळे डोळ्यांवर संशय आला नाही. दाराची चौकट, टेबलाचा कोपरा सारखे लागायचे. कडेने येणारी रिक्षा दिसायची नाही, रिक्षावाला ओरडायचा. मी स्वतःलाच धांदरट म्हणायचे.

अंबरनाथच्या शिवमंदिरात गाभाऱ्यात उतरताना माझी नजर खाली पिंडीवर होती. पायाजवळची पायरीच दिसली नाही. पुढच्या एका आजींना घेऊन मी कोसळले. त्यांना फार लागलं नाही. माझं मनगट सुजलं. नवरा म्हणाला, "एवढी मोठी पायरी, दिसली कशी नाही तुला?" आणि तिथून थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

तिथे एका यंत्रावर हनुवटी टेकवून मधल्या दिव्याकडे बघायचं होतं. आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काही चमकलंच नाही. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. ते चालू होतं.

डॉक्टरबाईंनी बाटलीचं नाव विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

"डोळ्याच्या आत पाणी तयार होतं आणि एका बारीक वाटेने निघून जातं. या औषधाने तुमची ती वाट तुंबली. आत दाब वाढला, आणि डोळ्यामागची नस सुकत गेली. त्यात आधी कडेचं दिसणं जातं. मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून कळत नाही."

"पण मला कुठे काळं दिसत नाही."

"दिसणारही नाही. जे नाही ते मेंदू अंदाजाने भरून काढतो."

"परत येईल?"

"गेलेलं येत नाही. उरलेलं राखू."

तरीही मला वाटलं, दादाला माहीत नसणार. कळलं तर त्याला किती वाईट वाटेल, याच काळजीत मी दुकानावर गेले. तो जेवायला गेला होता, गल्ल्यावर वहिनी होती. तिला बाटलीचं नाव सांगितलं.

"अगं बाई, तू ती अजून टाकतेस? माझे डोळे आले होते तेव्हा मी घेतली, तर यांनी हातातून काढून घेतली. म्हणाले, जास्त दिवस टाकली तर डोळे जातात."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात तो आला.

"दादा, तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना तसं होत नाही, बाय. तुला झटपट आराम पाहिजे असायचा. मी जबरदस्ती केली का?"

"वहिनीच्या हातातून काढून घेतलीस ना?"

 दारात गिऱ्हाईक आलं तसा तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाहेर बोलू नकोस. मी दिली असं कुठे लिहिलंय?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याचा चेहरा मला अगदी स्वच्छ दिसत होता.

नवऱ्याने अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार लिहिली, मी सही केली. आई म्हणाली, "भाऊ आहे, मागे घे." मी घेतली नाही. चौकशी अजून चालू आहे. गाळा सोडून मी घरीच मशीन लावलं. सकाळ-संध्याकाळ दाबाचे थेंब टाकते, रस्ता ओलांडताना पूर्ण मान वळवून बघते. वहिनी कधीतरी फोन करते आणि रडते. तिच्याशी माझं भांडण नाही. दादाचा फोन एकदाही आलेला नाही.