मामांचा आवाज फाटत नाही

मामांनी उभी हयात इलेक्ट्रिक गिटार वाजवली आणि ती कोणाच्या कानावर येऊ नये याची जिवापाड काळजी घेतली. हसू नका, त्यांची नोकरीच तशी होती. एका मोठ्या हॉटेलच्या भोजनगृहात, कोपऱ्यातल्या कुंड्यांच्या आड, वीतभर उंचीच्या चौथऱ्यावर त्यांची खुर्ची असे. पहिल्याच दिवशी मॅनेजरनं बजावलं होतं, "गिटार चमच्यांच्या खाली राहिली पाहिजे. आधी चमचा ताटलीला लागल्याचा आवाज, मग तुमचा."

मामांनी तो शब्द शिरसावंद्य मानला. वेटर त्यांना 'चमचा' म्हणू लागले. नव्यानं आलेल्यांना वाटे, हा मॅनेजरचा चमचा दिसतो, याच्यापुढे जपून बोलावं. मामांनी तेही सोसलं.

पण काय थाट होता त्या खोलीचा! मखमली पडदे, पितळी दिवे, कडक इस्त्रीची टेबलं आणि कुंडीच्या पानांतून गिऱ्हाइकांना दिसणारा अर्धा मामा. त्या अर्ध्यासाठी मामा दोन्ही बुटांना रोज पॉलिश करत. एकदा धून संपता संपता चक्क टाळी वाजली. मामा उठले, छातीवर हात ठेवून झुकले. गिऱ्हाईक वेटरला बोलावत होतं. वेटर धावला, मामा बसले, पुढची धून सुरू झाली.

पुढे हॉटेलनं कुंड्या ठेवल्या आणि मामांना काढलं. छतातच स्पीकर बसवले होते. घरी मामा गिटार मांडीवर घेत, तेव्हा स्वयंपाकघरातून मामी विचारत, "वाजवताय की पुसताय?"

अशात बहिणीची मुलगी आली. ती एका बँडमध्ये गाते. तिचा गिटारवाला परगावी निघून गेला होता आणि शनिवारी कार्यक्रम होता.

"मामा, येशील का वाजवायला?"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "लोक असतील का गं?"

"लोक असतीलच की!"

"तसं नाही. ऐकायला आलेले?"

भाचीनं खरं काय ते सांगितलं. बँडच्या ड्रमवाल्याला मामांचं नाव पटलं नव्हतं. "माझ्या ड्रमपुढे तुझा मामा ऐकूच येणार नाही," तो म्हणाला होता. "आज संध्याकाळपर्यंत आवाज फाडून दाखव म्हणावं, नाहीतर मी दुसरा बघतो."

"फाडून?" मामा दचकले. त्यांच्या जमान्यात आवाज फाटला की माणूस आधी माफी मागे आणि मग मेकॅनिक गाठे. आता आवाज फाडण्यासाठी खास डबी मिळते, तिला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात आणि लोक ती हौसेनं विकत घेतात, हे ऐकून त्यांना जग पुढे गेल्याचं प्रथमच नीट कळलं.

दोघं वाद्यांच्या दुकानात गेली. दुकानदार हौशी होता. त्यानं पावाएवढी हिरवी डबी जमिनीवर ठेवली, तीन बटणं फिरवली, भिंतीवरची गिटार काढून स्वतःच एक झणकारा दिला. भिंत खरवडावी तसा आवाज आला. मामांनी डोळे मिटून घेतले.

"आता तुम्ही, काका."

मामा स्टुलावर बसले. आपली गिटार जोडली. पायानं डबी दाबली, लाल दिवा लागला. वाजवलं. आवाज असा निघाला, जसा धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेला रुमाल.

"केबल गेली असेल," दुकानदार म्हणाला. केबल बदलली. तोच रुमाल. त्यानं दुसरी डबी आणली, मग तिसरी. तिसरीबद्दल तो म्हणाला, "काका, हिच्यात हुंदकासुद्धा फाटतो." मामांचा फाटला नाही.

"तुमची गिटारच म्हातारी झाली, काका. ही घ्या."

मामांनी नवी गिटार मांडीवर घेतली. पुन्हा स्वच्छ. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचणाऱ्याकडे कोणी बघेचना, सगळे अंगण खणायला बसले होते.

भाची मात्र बघत होती. "मामा! करंगळी!"

"काय झालं करंगळीला?"

गिटार हातात येताच मामांची उजवी करंगळी आपसूक आवाजाच्या बटणाकडे गेली होती आणि तिनं ते पार खाली आणलं होतं. मामांना पत्ताच नव्हता. भाचीनं बटण पुरतं वर नेलं आणि करंगळी स्वतःच्या मुठीत धरून ठेवली. "आता वाजव. जोरात."

मामांनी वाजवलं. आवाजाला सर्दी झाल्यासारखी वाटली, एवढंच.

"जोरात, मामा!"

"अगं, जोरातच वाजवतोय!" मामा काकुळतीला आले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा जोर तेवढाच होता. भाचीनं मूठ सोडली आणि घड्याळाकडे पाहिलं. मामांनीही तिला तसं पाहताना पाहिलं.

तेवढ्यात दाराजवळ बासऱ्या न्याहाळणारं एक गिऱ्हाईक, कानाला फोन लावलेलं, वळून ओरडलं, "ओ काका! जरा हळू! महत्त्वाचा फोन आहे!"

मामांचा हात तारांवरच थांबला. "तुम्हाला ऐकू येतंय?"

"म्हणजे काय! डोकं उठलंय!"

"तिथपर्यंत?"

"अहो, फोनवरच्या माणसालासुद्धा ऐकू येतंय!"

मामांच्या चेहऱ्यावर असं तेज चढलं की भाचीला वाटलं, याला बरं वाटत नाहीये. एक श्रोता समोर, दुसरा तारेपलीकडे, आणि दोघांचंही लक्ष गाण्याकडे! मामा स्टुलावरून उठले. बूट जुळवले, मान किंचित झुकवली आणि इतक्या वर्षांचा आखडता हात एकदाचा मोकळा सोडला.

फाटला! मांजरपाट टराटरा फाटावा तसा आवाज फाटला. काचेच्या कपाटातल्या बासऱ्या थरथरल्या. गिऱ्हाईक कानात बोट घालून बाहेर पळालं. श्रोतृवर्ग उठून गेला, तरी कलावंत थांबला नाही. दुकानदार हातानं काहीतरी खुणावत होता, तेही मामांनी दाद समजून स्वीकारलं.

भाचीनं घाईघाईनं ड्रमवाल्याला फोन लावला आणि फोन उंच धरला. मग कानाला लावला.

"कोण आहे तो?" ड्रमवाला ओरडत होता. "त्याला जरा कमी करायला सांग! शनिवारी माझे ड्रम कोणाला ऐकू येणार?"

"सांगते," भाची म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला गं?" मामांनी विचारलं.

"शनिवारी वेळेवर ये म्हणाला."