वहिनींची फोडणी

पुतण्याचा अंबरनाथहून फोन आला. "काका, आई गेली," एवढंच बोलला. कुसुमवहिनींना मधुमेह होता हे ठाऊक होतं, पण त्यांचं हृदय इतकं थकलं असेल असं त्यांच्याकडे बघून कधी वाटलं नव्हतं. आता महिना उलटला, तरी दादाच्या घरी जाताना वाटतं, दार त्याच उघडतील...

नव्वदच्या आसपास कारखान्याच्या तपासणीत दादाच्या लिव्हरवर चरबी निघाली. तेव्हा लिव्हर म्हटलं की लोकांना आधी बाटलीच दिसायची. डॉक्टरांनीही विचारलं, "किती घेता?" दादा थेंबाला न शिवणारा, तो गोरामोरा झाला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हळदीच्या जेवणात सगळे घेतात, तिथेही हे सरबत पितात, डॉक्टर. दुसरं काय ते विचारा." दारू नाही तर तेलातुपानंच असणार, असं मग सगळ्यांनी ठरवलं. वहिनींनी तेल-तूप, शेंगदाणे, खोबरं सगळं बंद केलं. नुसतं उकडलेलं दादाच्या घशाखाली उतरेना, म्हणून भात वाढला, वरणात गूळ वाढला, गोड चहा-टोस्टच्या फेऱ्या वाढल्या. वर्षभर हे निष्ठेनं चाललं आणि पुढच्या सोनोग्राफीत चरबी आणखी वाढलेली! शेजारी पुन्हा दारूवरून कुजबुजू लागले.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एक वयस्क सिंधी डॉक्टर होते. मीच दोघांना तिथे घेऊन गेलो. रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "तेल बंद किया, तो पेट किससे भरते हो?" वहिनींनी सगळं सांगितलं. "बहनजी, चावल-शक्कर ज्यादा हो गया, तो लिव्हर खुद उसकी चरबी बनाता है. साखर बंद, भात आधा. थोडा तेल, शेंगदाना, अंडा, मछली चलेगा. और रोज चलना."

परतताना रिक्षात वहिनी म्हणाल्या, "म्हणजे भाऊजी, मीच वाढवत होते का?" दादाच म्हणाला, "अगं, गोड होतं म्हणून मी खात होतो."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मेथीला लसणाची फोडणी दिली. तो वास आल्याबरोबर दादा अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून स्वयंपाकघरात हजर! पुढे हळूहळू पोट उतरलं, रिपोर्ट सुधारला. ती कागदाची घडी वहिनींनी शेजारणींना मुद्दाम दाखवली.

परवा दादाशी बोलत बसलो होतो. तो म्हणाला, "माझा भात निम्मा झाला, पण पातेल्यात पडायचा तेवढाच. टाकवत नाही म्हणून उरलेला ती खायची. सगळ्यांच्या मागून, एकटी. माझे रिपोर्ट तिनं जपले... तिची तपासणी झाली तेव्हा साखर पार वर गेली होती."

एवढ्यात सुनेनं पानं मांडली. दोनच होती, दादाचं आणि माझं. दादा उठला, फडताळातून तिसरं ताट काढून त्यानं सुनेसाठी मांडलं. "आधी तू बस," तो म्हणाला, "आज मी वाढतो."